पेशी मेली, पण कशाने? कॅन्सरच्या औषध-संशोधनातलं पेशीजीवशास्त्रज्ञाचं काम

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. ती जीवशास्त्रात एमएससी करते आहे, पेशी वाढवण्याची तिला गोडी लागली आहे आणि पुढे कॅन्सरच्या औषधांवर काम करायचं तिच्या मनात आहे. तिचं म्हणणं असं: रेणू रसायनशास्त्रज्ञ बनवतात, रुग्णांवर डॉक्टर तपासतात, मग पेशीजीवशास्त्रज्ञाला मधे काम काय उरतं? दिवसभर तो करतो काय? आणि त्यासाठी आत्तापासून काय शिकायला हवं?

माझी नोकरीची बरीचशी वर्षं याच मधल्या जागेत गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅन्सरची पेशी मारणं हे अवघड काम नाही. प्लॅस्टिकच्या डिशमध्ये वाढणारी पेशी ब्लीचने मरते, अल्कोहोलने मरते, सुट्टीच्या दोन दिवसांत इनक्युबेटर बिघडला तरी मरते. कंपाउंडची मोठी लायब्ररी घेऊन कुठल्याही सेल लाइनवर (एकाच मूळ नमुन्यापासून प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींवर) जास्त डोसला टाकली, तर तिला मारणारे ढीगभर रेणू सापडतात. त्यामुळे 'अमुक द्रव्याने कॅन्सरच्या पेशी नष्ट झाल्या' अशी बातमी आली की या धंद्यातली माणसं फारशी हलत नाहीत. आम्हाला पुढचं हवं असतं. मेली ती कशाने? ज्या प्रथिनावर नेम धरून रेणू बनवला, त्यामुळेच मेली की भलत्याच कारणाने? आणि जी पेशी मरायला नको होती, ती जगली का? या प्रश्नांची पुराव्यासकट उत्तरं देणं, हे आमचं काम. रसायनशास्त्रज्ञ उत्तम रेणू देईल, पण तो पेशीत शिरून नेमकं काय करतो हे त्याला फ्लास्ककडे बघून कळत नाही. डॉक्टरांपर्यंत तो पोचेल तेव्हा हे विचारायला उशीर झालेला असतो.

रोजचं चक्र साधारण असं असतं. एखादं टार्गेट ठरतं, समजा एखादं कायनेज. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम; 'वाढा, विभागा' हे पेशीतले बरेचसे निरोप यांच्यामार्फत फिरतात. रसायनशास्त्रज्ञ त्याला अडवणारे रेणू बनवतात. आधी ते शुद्ध केलेल्या प्रथिनावर तपासले जातात आणि तिथे जे पास होतात ते आमच्याकडे येतात. आम्ही ते पेशींवर तपासतो, आकडे परत देतो, आकडे बघून रसायनशास्त्रज्ञ रेणूचा एखादा कोपरा बदलतात आणि नवा घाणा येतो. हे महिनोनमहिने चालतं. इथे आमचा आकडा हलला तर त्यांचं सगळं रसायन चुकीच्या दिशेने जातं, ही जबाबदारी बाहेरून कुणाला दिसत नाही.

खरी गंमत सुरू होते ती आकडे जुळत नाहीत तेव्हा, आणि ते बहुतेक वेळा जुळत नाहीतच. शुद्ध प्रथिनावर ५ नॅनोमोलरला (हे द्रावणातल्या प्रमाणाचं माप) काम करणारा रेणू पेशीत २ मायक्रोमोलर, म्हणजे २००० नॅनोमोलर मागतो. चारशेपट फरक. का? कारणं बरीच असू शकतात. रेणू पेशीचं आवरण ओलांडत नसेल. ओलांडत असेल, पण पेशीतले पंप त्याला बाहेर फेकत असतील. मीडियामधल्या, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातल्या, सीरमच्या प्रथिनांना चिकटून बसत असेल, म्हणजे बाटलीत जेवढा टाकला त्याचा थोडाच भाग मोकळा उरला. कायनेजच्या बाबतीत आणखी एक: नळीतल्या चाचणीत एटीपी (कायनेजला फॉस्फेट पुरवणारं पेशीचं इंधन) मायक्रोमोलरमध्ये ठेवलेला असतो, जिवंत पेशीत तो १ ते ५ मिलिमोलर असतो. आपला रेणू एटीपीच्याच जागेसाठी भांडणारा असेल, तर पेशीत त्याला कितीतरी मोठ्या गर्दीशी झुंजावं लागतं. यातलं नेमकं कुठलं कारण लागू आहे हे शोधायला प्रत्येकाची वेगळी चाचणी लावावी लागते. 'पेशीत चालत नाही' एवढंच सांगणारा माणूस टीमला नको असतो. कुठे अडलं ते सांगणारा हवा असतो.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. शुद्ध प्रथिनावर सुमार असलेला रेणू पेशी मात्र झटपट मारतो. नवखी माणसं खूश होतात. जुनी माणसं म्हणतात, इथे काहीतरी पाणी मुरतंय.

आता मोजतो काय तेही बघा, कारण यात भलेभले फसतात. 'व्हायबिलिटी असे' म्हणून जे रोज चालतं त्यात आपण मेलेल्या पेशी मोजत नसतो. १९८३ पासून चालत आलेली एमटीटी चाचणी पेशींच्या चयापचयाने पिवळा रंग जांभळा होतो का ते बघते. हल्ली जास्त चालणारी चाचणी पेशी फोडून आतला एटीपी काजव्याच्या लुसिफरेज या एन्झाइमने उजळवते आणि तो उजेड मोजते. दोन्हीकडे आपण पेशींची संख्या गृहीत धरतो, मोजत नाही. पाल्बोसिक्लिबसारखा सीडीके४/६ इनहिबिटर, म्हणजे विभाजन पुढे ढकलणारी ही दोन कायनेज अडवणारं औषध घ्या. २०१५ मध्ये तो स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झाला. हा पेशी मारत नाही, तिचं विभाजन थांबवतो. पण विभाजन थांबलं तरी पेशी आकाराने फुगत राहते आणि तिच्यातला एटीपीही वाढत राहतो. म्हणजे वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) पेशी कमी आहेत, पण त्या गलेलठ्ठ आहेत. एटीपीची चाचणी सांगते, विशेष परिणाम नाही. तशाच दुसऱ्या प्लेटमधल्या पेशींची केंद्रकं रंगवून मायक्रोस्कोपखाली पेशी मोजल्या तर चित्र साफ वेगळं दिसतं. कित्येक रेणू तर पेशीला हातही न लावता लुसिफरेजलाच अडवतात आणि उजेड कमी झाला म्हणून आपण पेशी मेल्या असं लिहून ठेवतो. म्हणून नुसत्या एटीपीच्या द्रावणावर तोच रेणू टाकून एक पडताळणी केल्याशिवाय मी यादी पुढे पाठवत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढचे महिने वाचतात.

त्यातच वाढीच्या वेगाची भानगड. एक सेल लाइन चोवीस तासांत दुप्पट होते, दुसरी तीन दिवस घेते. ७२ तासांच्या चाचणीत पहिलीची तीन विभाजनं झाली, दुसरीचं एकच. विभाजन अडवणारं औषध पहिल्या लाइनमध्ये जोरदार वाटणार आणि दुसरीत फिकं, जरी दोघींवरचा प्रत्यक्ष परिणाम सारखाच असला तरी. मग त्या फरकावरून 'ही लाइन संवेदनशील, ती चिवट' असे निष्कर्ष निघतात आणि त्यामागे जनुकं शोधायची मोहीमही निघते. वाढीचा वेग हिशेबात धरून आकडा काढायची पद्धत २०१६ मध्ये नीट मांडली गेली. तिला फार काही लागत नाही, औषध टाकतेवेळी पेशी किती होत्या याची एक जादा प्लेट लागते. तरीही ती प्लेट ठेवायचा आळस होतो.

टार्गेटच्या पुराव्यावर थोडं थांबतो, कारण या सगळ्या कामाचा गाभा तोच आहे.

टिव्हँटिनिब नावाचं एक कंपाउंड होतं. मेट या कायनेजला अडवणारं म्हणून ते पुढे आलं आणि रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलं. यकृताच्या कॅन्सरमध्ये तर मेटचं प्रमाण जास्त असलेले रुग्ण निवडून चाचणी झाली. २०१३ मध्ये पेशींवर काम करणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: मेटवर ज्यांचं जगणंमरणं अवलंबून नाही, त्या पेशींना हे काय करतं? उत्तर आलं, त्यांनाही तितकंच मारतं. मेट अडवणारी दुसरी औषधं तसं करत नव्हती, ती फक्त मेटवर विसंबून असलेल्या पेशींना मारत होती. टिव्हँटिनिबचा मारा पडत होता तो मायक्रोट्युब्यूलवर, म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंवर. यकृताच्या कॅन्सरमधली तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१७ मध्ये फसल्याचं जाहीर झालं.

हे पेशीत कसं दिसतं ते सांगतो, कारण एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही. चिकटून वाढणाऱ्या पेशी एरवी पसरट असतात, फेज कॉन्ट्रास्टखाली मंद राखाडी दिसतात. मायक्रोट्युब्यूल बिघडवणारं काहीही टाका आणि रात्रभर ठेवून सकाळी प्लेट बघा. पेशी गोल झालेल्या असतात, कडा चमकतात, द्राक्षांसारख्या पृष्ठभागावर जेमतेम टेकलेल्या असतात आणि प्लेट हलवली की काही सुटून तरंगायला लागतात. त्या मेलेल्या नसतात. विभाजनाच्या मधोमध अडकलेल्या असतात, कारण गुणसूत्रं ओढायला तंतूच धड उरलेले नसतात. आणखी दिवसभर तशाच ठेवल्या की काही मरतात, काही विभाजन न करताच परत पसरतात आणि मग एकेका पेशीत तुकडे तुकडे झालेली किंवा दोन-तीन केंद्रकं दिसतात. आता तुमचा रेणू जर मेटसाठी बनवला असेल, तर एवढ्या पेशी गोल होण्याचं काही कारण नाही. तेव्हा आकडे काढायच्या आधी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरा. रीडरने दिलेला आकडा 'नव्वद टक्के घट' एवढंच सांगेल, घट कशी झाली ते नाही सांगणार. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतो: ट्युब्युलिनवर (मायक्रोट्युब्यूल ज्याचे बनतात त्या प्रथिनावर), प्रोटिअसोमवर (पेशीतल्या टाकाऊ प्रथिनांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेवर), डीएनएवर काम करणारी माहितीतली औषधं टाकायची, आणि नाव न बघता नुसत्या पेशींच्या रूपावरून कुठलं कुठे आहे ते ओळखायचं.

पण रूपावर भागत नाही. २०१९ मध्ये कॅन्सर-संशोधक जेसन शेल्ट्झर यांच्या गटाने रुग्णांवरच्या चाचण्यांत असलेली किंवा त्या वाटेवर असलेली काही कॅन्सरविरोधी कंपाउंड घेतली आणि त्यांचं जे टार्गेट सांगितलं जात होतं ते जनुक क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) पेशींतून काढूनच टाकलं. पेशी मजेत वाढल्या. वर त्या टार्गेट नसलेल्या पेशींवर औषध टाकलं, तरी त्या पूर्वीइतक्याच मेल्या. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ओटीएस९६४ हे कंपाउंड सीडीके११ या दुसऱ्याच कायनेजला अडवून पेशी मारत असल्याचं त्याच कामातून पुढे आलं.

ते त्यांना कसं कळलं? पेशींना त्या औषधाची सवय होऊ दिली, चिवट झालेल्या पेशी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यात काय बदललं ते वाचलं. सीडीके११ च्या जनुकात म्युटेशन मिळालं. नंतर तेवढाच एक बदल ताज्या पेशींत मुद्दाम घातला तर त्याही औषधाला दाद देईनात. माझ्या लेखी यापेक्षा भक्कम पुरावा नाही. टार्गेटमधलं एक अक्षर बदलल्यावर औषध निष्प्रभ होत असेल, तर औषध तिथेच काम करत होतं. रक्ताच्या एका कॅन्सरवरच्या इमॅटिनिबच्या बाबतीत हा पुरावा निसर्गानेच दिला. २००१ मध्ये ते औषध मंजूर झालं आणि त्याच वर्षी औषधाला न जुमानणाऱ्या रुग्णांच्या पेशींत बीसीआर-एबीएल या टार्गेट-प्रथिनात ३१५ व्या जागेवर थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल सापडलं. रुग्णांसाठी वाईट बातमी, पण औषध नेमकं कुठे बसतं याबद्दल शंका उरली नाही.

रोजच्या कामात एवढं दरवेळी जमत नाही, मग इतर मार्ग आहेत. रसायनशास्त्रज्ञाकडे रेणूचा निष्क्रिय जुळा मागायचा, म्हणजे जवळजवळ सारखाच, पण टार्गेटला न चिकटणारा. २०१० मध्ये आलेल्या जेक्यू१ या रेणूसोबत त्याचा आरशातला जुळाही मिळतो. तो जेक्यू१च्या टार्गेटला, म्हणजे बीआरडी४ या प्रथिनाला चिकटत नाही. जुळ्यानेही पेशी मरत असतील तर गोष्ट तिथेच संपली. शिवाय डोस जुळतोय का ते बघायचं: टार्गेटच्या खालचा निरोप ज्या डोसला बंद पडतो, साधारण त्याच पट्ट्यात पेशींची वाढ थांबायला हवी. निरोप ५० नॅनोमोलरला बंद आणि पेशी मात्र १० मायक्रोमोलरशिवाय मरत नाहीत, असं असेल तर तो निरोप आणि ते मरण यांचा संबंध जोडायला माझा हात धजत नाही. रेणू पेशीच्या आत टार्गेटला खरंच बसला का हे बघायला २०१३ पासून सेटसा नावाची सोपी युक्ती हाताशी आहे: पेशी टप्प्याटप्प्याने तापवायच्या, औषध चिकटलेलं प्रथिन बहुधा जास्त तापमानापर्यंत टिकतं.

टार्गेट बरोबर, औषध बरोबर, आणि तरीही पेशी मरत नाही, असंही होतं. बी-रॅफ या कायनेजचं व्ही६००ई म्युटेशन असलेल्या मेलॅनोमावर (त्वचेच्या एका कॅन्सरवर) व्हेम्युराफेनिब हे बी-रॅफ अडवणारं औषध २०११ मध्ये मंजूर झालं. जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी त्याने लहान होत होत्या. तेच म्युटेशन मोठ्या आतड्याच्या काही कॅन्सरमध्येही असतं. तिथे हेच औषध दिलं तर परिणाम नाममात्र. म्युटेशन तेच, प्रथिन तेच, औषध तेच. २०१२ मध्ये पेशींवरच्या कामातून कारण कळलं. आतड्याच्या पेशींत बी-रॅफ बंद केलं की ईजीएफआर हा रिसेप्टर उलट जागा होतो आणि तोच निरोप दुसऱ्या वाटेने चालू ठेवतो. मेलॅनोमाच्या पेशींत ईजीएफआर फारसा नसतोच, म्हणून तिथे ही पळवाट नाही. मग दोन्ही वाटा एकदम अडवायच्या हे उघड झालं, आणि २०२० मध्ये एन्कोराफेनिब (बी-रॅफ अडवणारं) व सेटुक्सिमॅब (ईजीएफआर अडवणारं) ही जोडी आतड्याच्या याच प्रकारच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झाली. 'मधे पेशीजीवशास्त्रज्ञ काय करतो' याला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. औषध नवं बनवावं लागलं नाही. पेशी औषधाला उत्तर काय देते हे बघावं लागलं. आणि ते बघायला वेळेची जाण लागते. औषध टाकल्यावर एका तासाने बघितलं तर निरोप बंद दिसतो. चोवीस तासांनी बघितलं तर परत चालू झालेला असतो. जो फक्त एका तासाचा नमुना घेतो त्याला ही गोष्ट कधीच सापडत नाही.

आता कल्चरच्या खोलीत येऊ. इथलं काम कंटाळवाणं आहे आणि सगळं त्यावरच उभं आहे.

पहिलं म्हणजे पेशी कुणाची आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून आलेल्या हेला पेशी इतक्या जोमदार निघाल्या की जगभरच्या कितीतरी लाइन्समध्ये घुसून त्यांनी मूळ पेशींना हुसकावून लावलं. वेगळ्या नावाच्या बाटलीत वर्षानुवर्षं हेलाच वाढत होत्या. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन स्तनाच्या कॅन्सरची म्हणून असंख्य प्रयोगांत वापरली गेली. ती निघाली मेलॅनोमाची एम१४. डीएनएच्या एसटीआर तपासणीने, म्हणजे पेशीचा डीएनए-ठसा जुळवून, हे सहज पकडता येतं, खर्चही फार नाही. पण ओळख बरोबर असली तरी निवांत व्हायचं कारण नाही. २०१८ मध्ये एमसीएफ-७ या एकाच लाइनचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले २७ वाण एकत्र तपासले गेले, तेव्हा औषधांना त्यांचे प्रतिसाद चांगलेच वेगवेगळे निघाले. पेशी वाढत राहतात तशा बदलत राहतात. म्हणून प्रकल्पाच्या सुरुवातीलाच भरपूर नळ्या गोठवून ठेवायच्या आणि ठरावीक पॅसेजनंतर (पेशी नव्या बाटलीत हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) जुन्या फेकून नवी नळी काढायची. 'अजून छान वाढतायत की' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

दुसरं, मायकोप्लाझ्मा. हा जिवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, पेशीभित्ती नसल्यामुळे पेनिसिलिनला भीक घालत नाही आणि नेहमीच्या गाळणीतूनही निसटू शकतो. पेशी वरवर ठीक दिसतात, फक्त त्यांचा चयापचय आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद गुपचूप बदललेला असतो. नियमित पीसीआर करणं एवढाच उपाय. सापडला तर बाटली टाकून द्यायची. वाचवण्याच्या मागे लागणारे लोक मी पाहिलेत, ते शेजारच्या हूडमधल्यांच्या पेशीही घालवतात.

तिसरं, प्लेट. ३८४ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेलमधून बाष्पीभवन जास्त होतं, तिथल्या पेशी वेगळ्या वागतात. मी कडेची रांग नुसत्या मीडियाने भरतो आणि मोजणीत धरत नाही. पेशी पेरल्यावर प्लेट लगेच इनक्युबेटरमध्ये न ढकलता वीस-तीस मिनिटं टेबलावर स्थिर ठेवायची, म्हणजे त्या सारख्या पसरून बसतात. नाहीतर वेलच्या कडेला गोळा होतात आणि मायक्रोस्कोपच्या चौकटीत येतच नाहीत. डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) सगळ्या वेलमध्ये एकसारखा हवा, औषध नसलेल्या वेलमध्येसुद्धा. यातलं काहीही कुठल्याही पाठ्यपुस्तकात अवघड म्हणून येत नाही. पण एखाद्या प्रयोगशाळेचे आकडे पुन्हा जुळतात आणि दुसरीचे जुळत नाहीत, त्याची कारणं बहुधा इथेच सापडतात. २०१२ मध्ये अॅमजेन या औषधकंपनीत काम केलेल्या शास्त्रज्ञाने लिहिलं की कॅन्सरवरच्या गाजलेल्या ५३ शोधनिबंधांपैकी फक्त ६ चे निष्कर्ष त्यांना पडताळून मिळाले. तेव्हापासून कंपनीत नवं टार्गेट घेताना पहिले काही महिने दुसऱ्याचा प्रयोग परत करण्यात जातात, आणि ते काम आमच्याकडेच येतं.

सपाट प्लॅस्टिकवरची पेशी म्हणजे गाठ नव्हे, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. त्यासाठी ऑरगॅनॉइड (अवयवाची छोटी त्रिमित नक्कल) आहेत, गोळ्याच्या रूपात वाढवलेल्या पेशी आहेत, प्रतिकारपेशींसोबतची कल्चर आहेत. माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे: रेणूंची मोठी यादी चाळायला सपाट प्लेटच घ्या, कारण ती सगळ्यात कमी चकवते, आणि मोजक्या चांगल्या रेणूंसाठी प्रश्न बघून गुंतागुंतीचं मॉडेल निवडा. 'त्रिमित आहे म्हणून चांगलं' असं नसतं. गोळ्याच्या मध्यापर्यंत औषध पोचतच नसेल आणि तुम्ही त्याला रेझिस्टन्स म्हणत असाल, तर सपाट प्लेट परवडली.

मीटिंगबद्दलही सांगायला हवं, कारण कामाचा तोही भाग आहे. प्रकल्पाला दीड-दोन वर्षं झालेली असतात, रसायनशास्त्रज्ञांनी जीव ओतलेला असतो, आणि आपल्याकडे असा आलेख असतो की टार्गेट काढून टाकलेल्या पेशीही मरतायत. तो आलेख दाखवणं सोपं नसतं. लोक म्हणतात क्रिस्पर नीट झालं नसेल, क्लोन (एका पेशीपासून वाढवलेला वंश) बदलला असेल. हे आक्षेप रास्तही असतात, म्हणून मीटिंगला जाण्याआधीच दोन वेगळे गाइड (क्रिस्परला कापायची जागा दाखवणारे आरएनए), दोन-तीन क्लोन, प्रथिन खरंच गेलंय हे दाखवणारा ब्लॉट आणि जनुक परत घातल्यावर काय होतं ते, एवढी तयारी ठेवायची. वाईट बातमी जितकी मोठी, तितके कंट्रोल जास्त. उलट चांगली बातमी असली की कुणी कंट्रोल विचारत नाही. तेव्हा ते आपणच विचारायचे. एक मात्र सांगतो, चांगले रसायनशास्त्रज्ञ या बाबतीत रागावत नाहीत. त्यांना चुकीच्या रेणूवर आणखी एक वर्ष घालवण्यापेक्षा आज कळलेलं बरं वाटतं.

काय शिकायचं? वेस्टर्न ब्लॉट, फ्लो सायटोमेट्री, क्रिस्पर हे हाताने करून बघायला हवंच, त्यावर वेगळं लिहीत नाही. मुलं जिथे कमी पडतात ते म्हणजे संख्याशास्त्र. एकाच दिवशी एकाच फ्लास्कमधल्या पेशी तीन वेलमध्ये घालून 'एन बरोबर तीन' लिहिणारे अर्ज अजून येतात. ते तीन वेल म्हणजे पिपेटची परीक्षा आहे, प्रयोगाची पुनरावृत्ती नाही. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर परत करा, मग मोजा. त्याच्या जोडीला आर किंवा पायथन इतपत यावं की ३८४ वेलचे आकडे हाताने कॉपी-पेस्ट करावे लागू नयेत. फोटोंमधून पेशी मोजायला सेलप्रोफायलर मोफत मिळतो, घरच्या लॅपटॉपवर चालतो. आजच सुरू करता येईल. आणि थोडं रसायनशास्त्र वाचा. रेणूचं चित्र बघून हा पाण्यात विरघळेल का, हा प्रत्येक चाचणीत खोटा हिट देणाऱ्या त्या बदनाम रेणूंपैकी तर नाही ना, एवढं कळलं तरी टीममध्ये तुमचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकलं जातं.

पीएचडी लागते का? प्रयोग करायला नाही; उत्तम हाताची एमएससी झालेली माणसं प्रयोगशाळेचा कणा असतात. पण कुठलं टार्गेट घ्यायचं, कुठे थांबायचं हे ठरवण्याच्या जागा बहुतेक ठिकाणी पीएचडीवाल्यांना मिळतात. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, आहे हे असं आहे.

औषध रुग्णापर्यंत पोचलेलं बघायला मिळतं का, हेही तिने शेवटी विचारलं आहे. बहुतेकांना नाही. डीएनए दुरुस्त करणारं बीआरसीए जनुक बिघडलेल्या पेशींना पार्प इनहिबिटर (दुरुस्तीतलंच दुसरं एन्झाइम अडवणारी औषधं) वेचून मारतात, हे पेशींमध्ये २००५ मध्ये दिसलं. त्यातलं ओलापारिब मंजूर व्हायला २०१४ उजाडलं, आणि ती यशाची गोष्ट आहे. मधल्या काळात माणसं नोकऱ्या बदलतात, प्रकल्प बंद पडतात. जे टिकतं ते निराळंच असतं. डोस ठरवताना रुग्णाच्या बायॉप्सीत टार्गेट खरंच बंद झालंय का हे ज्या फॉस्फो-प्रथिनावरून बघतात, ते प्रथिन, ती अँटिबॉडी आणि औषधानंतर किती तासांनी नमुना घ्यायचा ती वेळ, हे बऱ्याचदा आमच्याच प्लेटवर आधी ठरलेलं असतं.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही दोन प्रश्न विचारा: सेल लाइन्सची एसटीआर तपासणी शेवटची कधी झाली, आणि मायकोप्लाझ्माची नोंदवही कुठे असते. उत्तर द्यायला समोरच्याने फार वेळ लावला, तर दुसरीकडेही अर्ज करून ठेवा.